राजदूत आणि एजंट : पोर्तुगीज मुत्सद्द्यांच्या सामाजिक पूर्वपीठिकेचा प्रश्न

हुआन अंतोनियो दे व्हेरा या स्पॅनिश ग्रंथकाराने 1620 मध्ये आदर्श राजदूताचे वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढील शतकभर युरोपातील दरबारी मंडळींच्या मनात राजदूताची एक ठरावीक मूर्ती वावरत राहिली. हा पुरुष कुलीन असावा, धनवान असावा, रूपवान असावा, बहुभाषाकोविद असावा आणि एवढे सगळे असूनही धन्याच्या आज्ञेत असावा. अशा ग्रंथांची एक गंमत अशी की, ती ज्या राज्यांत वाचली गेली त्या राज्यांच्या दफ्तरांत असा मनुष्य क्वचितच सापडतो. पोर्तुगालच्या बाबतीत तर ही तफावत विशेष ठळक आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकांत त्या राज्याची बोलणी ज्यांनी केली, त्यांत सरदार होते, बिशप होते, न्यायाधीश होते. पण औषधविक्या होता, कारकुनाचा मुलगा असलेला जेझुइट होता, लिस्बनमधून परागंदा झालेले ज्यू व्यापारी होते आणि गोव्याचे शेणवीही होते. या विविधतेचा अर्थ लावण्याचे काम इतिहासलेखनाने कितपत केले आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

या क्षेत्रातील दोन ग्रंथ शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला एडगर प्रेस्टेज यांचा, 1640 ते 1668 या काळातील पोर्तुगालच्या फ्रान्स, इंग्लंड व हॉलंड यांच्याशी असलेल्या राजनैतिक संबंधांवरचा, 1925 साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेला ग्रंथ. दुसरा पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ‘आजेंतेश द दिप्लोमासीय पुर्तुगेझ न इंदिय’, 1952 साली गोव्यात बस्तोडे येथे छापलेला. एकाचे लक्ष लिस्बनहून निघणाऱ्या वकिलातींवर, दुसऱ्याचे गोव्याहून निघणाऱ्या. दोघेही दफ्तरात आयुष्य घालविलेले पुरुष. दोघांच्याही कागदांविषयीच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि एकाच राजसत्तेच्या दोन बाजू सांगणारे हे ग्रंथ एकमेकांना ओळखत नाहीत, आणि त्यांच्या उणिवा परस्परपूरक आहेत, ही गोष्ट अद्याप पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

प्रेस्टेज यांची मांडणी दरबारवार आहे. कोणत्या दरबारी कोण गेला, त्याने काय मागितले, काय मिळाले, कोणता तह झाला, हा त्यांचा क्रम. अशा मांडणीत माणूस दाराशी येतो तेव्हा दिसतो आणि दाराबाहेर पडला की नाहीसा होतो. तो कोठून आला व पुढे त्याचे काय झाले, हे ओघात आले तर येते. परिणामी त्याच्या यशापयशाची कारणे स्वभावात शोधावी लागतात : हा चतुर होता, तो तापट होता, तिसरा भोळा होता. स्वभाव हे कारण खोटे नव्हे. पण ते शेवटचे कारण म्हणून यावे, पहिले म्हणून नव्हे.

1 डिसेंबर 1640 रोजी लिस्बनमध्ये उठाव होऊन ब्रागान्साचा ड्यूक चौथा जुआंव म्हणून गादीवर आला, तेव्हा साठ वर्षे स्पेनच्या राजाखाली राहिलेल्या पोर्तुगालजवळ स्वतःचे म्हणावे असे परराष्ट्रखाते नव्हतेच. काही महिन्यांच्या आत युरोपच्या दरबारांत माणसे धाडावयाची होती. या घाईत जी निवड झाली, तिच्यात एक रीत स्पष्ट दिसते. इंग्लंडला दों आंतांव द आल्मादा गेला. हा उठावाच्या कटात असलेला फिदाल्गु, म्हणजे खानदानी सरदार. लिस्बनमधील त्याच्या वाड्यात कटवाल्यांच्या बैठका होत असत. पण तो एकटा गेला नाही. त्याच्या जोडीला फ्रांसिश्कु द आंद्राद लैतांव हा वरिष्ठ न्यायाधीश दिला गेला, आणि सचिव म्हणून आंतोनियु द सोझ द मासेदु हा कायदेपंडित. फ्रान्सला फ्रांसिश्कु द मेलु हा राजाच्या शिकारखान्याचा मुख्य अधिकारी गेला; त्याच्याही जोडीला आंतोनियु कुएल्यु द कार्व्हाल्यु हा न्यायखात्यातील मनुष्य होता. सरदाराने मुजरा करावा, कायदेपंडिताने मसुदा करावा, अशी ही वाटणी. कोइंब्र येथील विद्यापीठात कायदा शिकून न्यायखात्यात चढलेल्या या वर्गास पोर्तुगीजमध्ये ‘लेत्रादु’ असे म्हणतात. मराठी कागदपत्रांत परदरबारी पाठविलेल्या माणसास ‘वकील’ म्हणत आणि आज तोच शब्द कायदेपंडितास लावला जातो; पोर्तुगालमध्ये शब्दांचा हा संगम झाला नाही, पण माणसांचा झाला.

प्रेस्टेज या जोड्या नमूद करतात, परंतु त्यांत पद्धती पाहत नाहीत. जोडीतील पहिल्या माणसाची पुढची वाटचाल आणि दुसऱ्याची पुढची वाटचाल यांची तुलना केली की मात्र पद्धती डोळ्यांपुढे उभी राहते. आल्मादा परत आला आणि पुन्हा वकिलातीवर गेला नाही. वकिलात ही त्याच्या दृष्टीने एक कामगिरी होती, पेशा नव्हे. उलट आंद्राद लैतांव लंडनहून हेगला गेला, तेथून वेस्टफालियाच्या तहपरिषदेसाठी म्युन्स्टरला गेला. सोझ द मासेदु लंडनमध्ये 1646 पर्यंत राहिला, 1650 मध्ये हेग येथे राजदूत झाला आणि सहाव्या आफोन्सुच्या कारकीर्दीत थेट राज्याचा सचिव बनला. ज्याला घरी परतण्यासाठी जहागीर नव्हती, तोच परदेशात टिकून राहिला. पोर्तुगालमध्ये पेशेवाईक मुत्सद्दी तयार झाला तो असा, जोडीतल्या दुसऱ्या जागेवरून.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘कुळ विरुद्ध विद्या’ असा सरळ सामना मांडण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे. सरदारघराण्यांतील धाकटे मुलगे वडिलोपार्जित मालमत्तेचे वारस नसत. त्यांना चर्चमध्ये किंवा कोइंब्रला पाठविण्यात येई. लुईश द कुन्य हा याचा उत्तम नमुना. जन्म 1662, दरबारातील मानकरी घराणे, शिक्षण धर्मशास्त्रीय कायद्याचे, नोकरी न्यायाधीशाची, आणि मग लंडन, उट्रेख्ट व अखेर पॅरिस. 1749 मध्ये पॅरिसलाच मृत्यू. जन्माने सरदार, पेशाने लेत्रादु. त्याच्या काळापर्यंत हे दोन वर्ग एकमेकांत इतके मिसळले होते की, कोणता गुण कोणत्या बाजूने आला हे सांगणे अवघड. पेद्रु कार्दिं यांच्या सतराव्या शतकातील प्रतिनिधींवरच्या अभ्यासाने आणि नुनु गोंसाल्व्हश मोंतैरु यांच्या 1998 साली प्रसिद्ध झालेल्या उमरावांवरील ग्रंथाने हा गुंता पुष्कळ स्पष्ट केला आहे. व्यक्तीकडून घराण्याकडे आणि घराण्याकडून पदाकडे पाहण्याची जी दृष्टी प्रेस्टेज यांच्याजवळ नव्हती, ती येथे आहे.

तरीही एक भेद मिसळणीनंतरही शिल्लक राहिला : सही कोणाची, हा. 13 जानेवारी 1750 रोजी माद्रिद येथे स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात दक्षिण अमेरिकेतील सीमांचा तह झाला. आजच्या ब्राझीलच्या विस्ताराचे मूळ त्या तहात आहे. पोर्तुगालतर्फे सही केली तोमाश द सिल्व्ह तेलिश या व्हायकाउंटने. परंतु तहामागील विचार, टिपणे आणि सूचना आलेशांद्र द गुश्मांव याच्या. हा ब्राझीलमधील सांतुश बंदरात 1695 मध्ये जन्मला. बाप तेथील छावणीचा शस्त्रवैद्य, घरात मुले पुष्कळ. 1709 मध्ये लिस्बनच्या दरबारात उष्ण हवेचा फुगा उडवून दाखविणारा बार्तोलोमेउ हा त्याचाच भाऊ. आलेशांद्र पॅरिस व रोम येथे काम करून आला होता, 1730 पासून राजाचा खाजगी सचिव होता. तरीही तहावर नाव यावयाचे ते दुसऱ्याचे. केवळ सह्या वाचणाऱ्या इतिहासकाराच्या हातून हा मनुष्य सहज निसटून जाईल.

आता सरदारवर्गाकडे. तो निरुपयोगी होता असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. व्हिदिगैराचा काउंट दों व्हाश्कु लुईश द गाम हा वास्को द गामाचा वंशज. 1642 पासून तो दोनदा पॅरिसला राजदूत होता आणि त्या काळातील अत्यंत मेहनती पत्रलेखकांत त्याची गणना होते. फ्रांसिश्कु द मेलु इ तोर्रेश हा मूळचा तोफखान्यातील सेनानी. 23 जून 1661 चा इंग्लंडशी झालेला विवाहतह त्याने घडवून आणला. त्याच तहान्वये राजकन्या कातारीना हिच्या हुंड्यात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे गेले. गोव्याचा कारभारी आंतोनियु द मेलु इ काश्त्रु याने ते हवाली करण्यास 1665 च्या फेब्रुवारीपर्यंत विलंब लावला, कारण लंडनमध्ये ज्याने सही केली त्याला बेटाची किंमत ठाऊक नव्हती आणि गोव्यात ज्याला ती ठाऊक होती त्याला कोणी विचारले नव्हते.

परंतु कुलीनता ही निष्ठेची व शहाणपणाची हमी, हे जे गृहीत त्या काळात होते, त्याला दफ्तर आधार देत नाही. पेनागियांवचा काउंट लंडनमध्ये राजदूत असताना त्याचा भाऊ दों पांतालियांव द सा याने बाजारपेठेतील एका भांडणात एका इसमाचा खून केला. क्रॉमवेलच्या सरकारने राजदूताच्या भावाचा हक्क मानला नाही, आणि 10 जुलै 1654 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याच दिवशी काउंटने इंग्लंडशी तहावर सही केली. त्या तहाच्या अटी पोर्तुगालला किती जाचक होत्या हे सर्वश्रुत आहे. दों फेर्नांदु तेलिश द फारु हा तर हेगमधील राजदूतपद सोडून 1659 मध्ये सरळ स्पेनच्या बाजूस गेला. त्याच्या कुळाविषयी कोणालाच शंका नव्हती, म्हणून त्याच्यावर नजर ठेवण्याची गरजही कोणाला वाटली नसावी.

आणि खर्च! वकिलातीचा डामडौल हा सरदाराच्या उपयोगाचा प्रमुख भाग होता. 1514 मध्ये त्रिश्तांव द कुन्य रोमला गेला तो हिंदुस्थानातील हत्ती घेऊन. 1716 मध्ये पेनागियांवच्याच घराण्यातील फोंतिशचा मार्क्विस पोपच्या भेटीला गेला तो सोनेरी रथांच्या मिरवणुकीने. त्यांतील तीन रथ लिस्बनच्या रथसंग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. मधल्या काळातील एक वकिलात आठवली म्हणजे या झगमगाटाचा अर्थ कळतो. 1641 मध्ये लामेगुचा बिशप रोमला पाठविला गेला. पोप आठव्या अर्बनने त्याला राजदूत म्हणून भेट दिली नाही, आणि 1642 च्या ऑगस्टमध्ये स्पॅनिश राजदूताच्या माणसांशी रोमच्या रस्त्यावर त्याच्या परिवाराची चकमक झाली. 1668 मध्ये स्पेनशी तह होईपर्यंत रोमने पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य केले नाही. 1716 चे रथ हे त्या अपमानाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रेस्टेज यांच्या ग्रंथातील खरी पोकळी याहून खालच्या पायरीवर आहे. राजदूत, विशेष दूत, रहिवासी प्रतिनिधी, एजंट, कॉन्सल अशी पदांची उतरंड सतराव्या शतकात पक्की होत होती. सामान्यतः ही उतरंड शिष्टाचाराची बाब मानली जाते. पोर्तुगालमध्ये तिचा आणखी एक उपयोग होता, आणि तो कमी प्रशंसनीय आहे : ज्यांचा मान राखता येत नाही त्यांचे काम मात्र घेता यावे, यासाठी तळची पायरी उपयोगी पडे.

दुआर्त नुनिश द कोश्त हा लिस्बनमध्ये 1587 मध्ये जन्मलेला नव-ख्रिस्ती, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंच्या वंशातील. इन्क्विझिशनच्या भीतीने घराणे देशाबाहेर पडले आणि हँबर्गला याकोब कुरिएल या नावाने उघडपणे ज्यू म्हणून राहू लागले. 1641 मध्ये चौथ्या जुआंवने याच माणसाला राजघराण्याच्या सरदारवर्गात स्थान दिले. पुढे तो हँबर्गमध्ये पोर्तुगालचा एजंट झाला. त्याचा मुलगा जेरोनिमु, ज्यू नाव मोझेस कुरिएल, 1645 पासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये एजंट होता तो 1697 मध्ये मरेपर्यंत. बावन्न वर्षे! एवढ्या काळात हेगला किती राजदूत आले आणि गेले. जहाजांचे साहित्य, दारूगोळा, कर्ज, बातम्या, पत्रांची ने-आण, हे सगळे त्याच्या दारातून चाले. 1671 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मोठ्या पोर्तुगीज सिनेगॉगच्या कोनशिला बसविल्या गेल्या, त्यांतील एक त्याच्या हातची. आतील पवित्र मंजूषेसाठी ब्राझीलचे लाकूड त्याने दिले. म्हणजे पोर्तुगालचा राजा ज्याला सरदारवर्गात बसवितो, तो पोर्तुगालच्या भूमीवर पाऊल ठेवता तर या एकाच कोनशिलेसाठी पकडला गेला असता.

हा धोका काल्पनिक नव्हता. मानुएल फेर्नांदिश व्हिल रिआल हा नव-ख्रिस्ती लेखक फ्रान्समध्ये पोर्तुगालचा कॉन्सल होता. पॅरिसच्या वकिलातीत व्हिदिगैराच्या काउंटला त्याचा मोठा आधार होता. पोर्तुगालच्या स्वातंत्र्याची बाजू त्याने लेखणीने लढविली. 1649 मध्ये तो लिस्बनला परतला आणि इन्क्विझिशनने त्याला धरले. 1 डिसेंबर 1652 रोजी, म्हणजे ज्या स्वातंत्र्यासाठी तो लिहीत होता त्याच्या बाराव्या वर्धापनदिनी, त्याला देहान्ताची शिक्षा झाली. राजाला त्याला वाचविता आले नाही. फादर आंतोनियु व्हियैर या जेझुइटाने राजाच्या वतीने पॅरिस, हेग आणि रोम येथे बोलणी केली होती आणि नव-ख्रिस्ती व्यापाऱ्यांना संरक्षण द्यावे असा आग्रह धरला होता. त्याची आजी मिश्रवंशीय दासी होती, बाप कारकून. राजा जिवंत असेपर्यंत तो सुरक्षित राहिला, पुढे 1665 मध्ये इन्क्विझिशनच्या कोठडीत गेला. या तीन आयुष्यांना एकत्र आणल्याशिवाय पोर्तुगीज राजनीतीचा सामाजिक इतिहास लिहिता येणार नाही. राजदूताच्या गुणदोषांची चर्चा करणाऱ्या पुस्तकात ती एकत्र येत नाहीत, कारण यांतील कोणीही नियमित अर्थाने राजदूत नव्हता.

पिसुर्लेकर यांच्या ग्रंथाचे मोल येथे कळते. त्यांनी तळच्या पायरीवरील माणसेच ग्रंथाच्या मध्यभागी बसविली. हिंदू, मुसलमान, ज्यू व पारशी अशी ग्रंथाच्या उपशीर्षकातच त्यांची नोंद आहे. आणि मराठी वाचकाला परिचित असलेली किती तरी नावे तेथे पोर्तुगीज सेवेत वावरताना दिसतात. रामोजी शेणवी कोठारी हे त्यांतील ठळक नाव. 1667 च्या डिसेंबरात शिवाजी महाराज आणि पोर्तुगीज यांच्यात जो तह झाला, त्याच्या बोलण्यांत पोर्तुगीजांच्या बाजूने फादर गोंसालु मार्तिंश याच्यासह रामोजीचा हात होता. लंडनच्या 1641 मधील जोडीची येथे आठवण यावी. तेथे सरदार आणि कायदेपंडित, येथे पाद्री आणि शेणवी. प्रतिष्ठा एकाची, भाषा व ओळखीपाळखी दुसऱ्याच्या. समोरच्या बाजूसही महाराजांचा वकील म्हणून पितांबर शेणवी वावरत होता आणि मुंबईच्या इंग्रजांजवळ त्यांचा नारायण शेणवी होता. कोकणपट्टीवरील तीन सत्तांची बोलणी एकाच ज्ञातीच्या माणसांनी चालविली, ही वस्तुस्थिती एकेका दरबाराचा इतिहास लिहिणाऱ्याला कधीच दिसणार नाही.

गोव्यातील विसंगती अ‍ॅमस्टरडॅमच्या तोडीची होती. ज्या राज्यात हिंदूंच्या उघड पूजाअर्चेस बंदी, ज्या राज्यात 1684 मध्ये व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटने लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला, त्याच राज्यात राज्याचा दुभाषी हे जबाबदारीचे पद ब्राह्मण घराण्यांकडे असे. मोडी लिपीतला खलिता फोडून वाचणारा, उत्तराचा मसुदा करणारा आणि कोणत्या शब्दाने मान राहील व कोणत्याने जाईल हे जाणणारा मनुष्य दुसरा कोठून आणणार? अठराव्या शतकात नारायण विठ्ठल धुमे हा गोवेकर ब्राह्मण पुण्यास पोर्तुगीजांचा प्रतिनिधी म्हणून होता. 1779 च्या तहाच्या आणि त्यातून 1783 मध्ये मिळालेल्या नगर हवेलीच्या बोलण्यांशी त्याचे नाव निगडित आहे. पेशव्यांच्या दफ्तरात अशा माणसाला वकीलच म्हणणार. लिस्बनच्या लेखी तो एजंट.

आणि पिसुर्लेकर यांच्याविरुद्ध नोंदवावयाचा आक्षेप हाच आहे. त्यांनी ‘आजेंतेश’ हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला. शब्द राज्यकर्त्यांचा, आणि तो निरुपद्रवी नव्हे. रामोजी कोठाऱ्याने केलेले काम फादर मार्तिंशच्या कामाहून कोणत्या बाबतीत कमी होते, हा प्रश्न त्या शब्दामुळे उद्भवतच नाही. शिवाय धर्मवार वर्गवारीमुळे ही माणसे हिंदुस्थानच्या परिस्थितीतून निर्माण झालेला अपवाद वाटू लागतात. जणू युरोपात पोर्तुगीज राजदूत व्हेराच्या ग्रंथातून उतरून आलेला असे. अ‍ॅमस्टरडॅमचा कुरिएल आणि गोव्याचा कोठारी हे एकाच धोरणाचे दोन आविष्कार आहेत, हे त्यांच्या ग्रंथातूनच सिद्ध करता आले असते. कागद त्यांच्या हाताशी होते. 1967 मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या मराठी ग्रंथातही विषय संबंधांचा आहे, संबंध घडविणाऱ्यांचा नव्हे. अर्थात ज्याने दफ्तर उघडून दिले त्याच्याकडे सर्वच मागणे योग्य होणार नाही. प्रेस्टेज यांनाही हाच न्याय लावला पाहिजे. फ्रांसिश्कु द सोझ कोतिन्युची हेगमधील पत्रे संपादण्यात त्यांचा वाटा नसता, तर राजदूताच्या रोजच्या विवंचनांविषयी आज लिहिता आले असते की नाही याची शंकाच आहे.

या सर्वांच्या कितीतरी आधीचे एक उदाहरण या वादात महत्त्वाचे ठरते. 1517 मध्ये कँटनला उतरलेल्या पहिल्या पोर्तुगीज वकिलातीचा प्रमुख तोमे पिरिश हा औषधविक्या होता आणि औषधविक्याचाच मुलगा. हिंदुस्थानात तो 1511 मध्ये आला, मलाक्क्यास राहिला, आणि तांबड्या समुद्रापासून चीनपर्यंतच्या व्यापाराचे ‘सुम ओरिएंताल’ हे वर्णन त्याने लिहिले. चीनला कोणाला पाठवावे, या प्रश्नाचे त्याहून चांगले उत्तर त्या वेळी हाती नव्हते. वकिलात फसली, पेकिंगपर्यंत जाऊनही बादशहाची भेट झाली नाही आणि पिरिश पुन्हा मायदेश न पाहता चीनमध्येच मेला. अपयशाची कारणे मलाक्क्याच्या पदच्युत सुलतानाच्या तक्रारीत आणि पोर्तुगीज कप्तानांच्या दांडगाईत होती, हे आज मान्य आहे. परंतु इतिहासकार जुआंव द बारुश याची लेखणी पिरिशपाशी येते तेव्हा हा मनुष्य मोठ्या प्रतीचा नव्हता, औषधे निवडण्याच्या कामावर होता, तरी या कामास लायक होता, असा खुलासा तिला करावासा वाटतो. आल्मादाविषयी किंवा फोंतिशच्या मार्क्विसाविषयी असा खुलासा कोणी केलेला नाही. पिरिशपासून कोठाऱ्यापर्यंत ज्यांच्या नावापुढे असे ‘तरी’ जोडले गेले, त्यांची एक यादी लिस्बन, गोवा आणि अ‍ॅमस्टरडॅम येथील कागदांवरून तयार होऊ शकते. आणि तिच्यात पद, कुळ व धर्म हे रकाने जसे लागतील, तसाच त्या माणसाचा शेवट कोठे व कसा झाला, हा रकानाही लागेल.